खेळ नेमका राहतो कुठे?

टीव्हीला जोडायच्या डबीवर सिनेमे दिसतात आणि ‘गेमही चालतात’, असे दुकानदार सांगतो. ते खोटे नसते. पण त्या एका वाक्यात तीन निरनिराळे अर्थ दडलेले असतात. डबी घरी आणण्यापूर्वी ते उलगडून घेतलेले बरे.

दसरा-दिवाळीच्या खरेदीत गेल्या काही वर्षांत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. तळहातावर मावेल एवढी एक काळी डबी. टीव्हीच्या पाठीमागे ती जोडली आणि घरातल्या वाय-फायशी तिची गाठ घालून दिली, की जुना टीव्ही एकदम शहाणा होतो. नाटक, सिनेमा, क्रिकेट, कीर्तन, स्वयंपाकाचे धडे, जे मागाल ते पडद्यावर हजर. दुकानात ही डबी न्याहाळताना घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. आजोबा रिमोटवरची बटणे मोजून बघतात. आईला महिन्याचा खर्च कितीने वाढणार ते हवे असते. मुलांना एवढेच विचारायचे असते, ‘यावर गेम चालतात का?’

विक्रेता मान डोलावतो. ‘चालतात ना, सगळे चालतात!’ आणि सौदा पुरा होतो. पंधरा दिवसांनी घरात कुरबूर सुरू होते. मित्राकडे जो गेम झकास चालतो तो इथे अडखळतो, किंवा मिळतच नाही, किंवा मिळतो पण आणखी पैसे मागतो. वडील म्हणतात, ‘एवढी महागाची वस्तू आणली, तरी तक्रार आहेच.’ मुले म्हणतात, ‘तुम्ही चुकीची आणलीत.’ खरे तर दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त असते. चुकलेला असतो तो प्रश्न. गेम चालतो का, याच्या आधी एक विचारायला हवे होते: हा गेम राहतो कुठे?

कॅसेटमधला खेळ

नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे आली, त्यांतली बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या नकला होत्या. खेळ राहायचा तो कॅसेटमध्ये. मारिओ असो वा कॉन्ट्रा, कॅसेट खाचेत खोचली की खेळ सुरू. नाही झाला, तर कॅसेट काढायची, तिच्या तोंडावर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. ती शेजारच्या मित्राला दोन दिवस उसनी देता यायची, बदल्यात त्याची आणता यायची. कंपनी चालू आहे की बुडाली, याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. कॅसेट शाबूत, तोवर खेळ शाबूत.

पुढे खेळाच्या यंत्राने सिनेमाशी सोयरीक जमवली. सोनीचे ‘प्लेस्टेशन २’ मार्च २००० मध्ये जपानात विक्रीला आले, तेव्हा त्यात गेमबरोबर डीव्हीडीही चालत असे, आणि पुष्कळ घरांनी ते डीव्हीडी प्लेयर म्हणूनच विकत घेतले. जगभर साडेपंधरा कोटींहून अधिक खपलेल्या त्या यंत्राच्या यशात या एका सोयीचा वाटा मोठा होता. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’वर नेटफ्लिक्सचे सिनेमे थेट इंटरनेटवरून दिसू लागले. मग तबकडीचीही गरज उरली नाही.

त्याच वर्षी उलट्या दिशेने दुसरा प्रवास सुरू झाला होता. मे २००८ मध्ये ‘रोकू’ नावाची छोटी डबी आली ती केवळ नेटफ्लिक्स दाखवण्यासाठी. तीनच वर्षांनी, २०११ मध्ये, तिच्या नव्या अवतारात ‘अँग्री बर्ड्‌स’चा खेळ दाखल झाला. अॅमेझॉनने एप्रिल २०१४ मध्ये ‘फायर टीव्ही’ काढला तेव्हा त्याच्यासाठी वेगळा गेमपॅडही विकायला ठेवला. अॅपलने २०१५ मध्ये आपल्या टीव्ही डबीला अॅपचे दुकान जोडून दिले. खेळाचे यंत्र सिनेमा दाखवू लागले आणि सिनेमाची डबी खेळ खेळवू लागली. दोघांची गाठ आपल्या दिवाणखान्यात पडली, आणि ‘यावर गेम चालतात का’ या साध्या प्रश्नाचे उत्तर अवघड होऊन बसले.

घरचा स्वयंपाक, शेजारची वाटी आणि बाहेरचा डबा

टीव्हीच्या डबीवर खेळ तीन प्रकारे येतो. जेवणाचाच दाखला द्यायचा, तर पहिला प्रकार घरच्या स्वयंपाकाचा. खेळ डबीत उतरवून घ्यायचा आणि डबीनेच तो चालवायचा. इथे चूल किती मोठी आणि फडताळात जागा किती, हे पाहावे लागते. शाओमीची ‘मी बॉक्स ४के’ ही डबी मे २०२० मध्ये भारतात ३,४९९ रुपयांना आली. तिच्यात साठवणीची जागा होती ८ जीबी आणि रॅम २ जीबी. या आठांतला मोठा वाटा डबीची स्वतःची प्रणालीच खाऊन टाकते. चार-दोन अॅप घातली की मोठ्या गेमला पाय पसरायला जागा उरत नाही. सिनेमासाठी ही डबी उत्तम, खेळासाठी बेताची. याउलट अॅपलने २०२२ मध्ये काढलेल्या ‘अॅपल टीव्ही ४के’मध्ये ६४ किंवा १२८ जीबी जागा आणि आयफोन १३ मधलाच ‘ए१५’ प्रोसेसर होता. पण आपल्याकडे तिची किंमतही सुरुवातीला १४,९०० आणि १६,९०० रुपये होती. एवढे मोजूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा डबीवर जे खेळ मिळतात ते बहुतांशी मोबाइलच्या जातकुळीचे असतात. मित्राकडच्या प्लेस्टेशनवरचा मोठा गेम तिच्यावर जसाच्या तसा मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा प्रकार म्हणजे शेजारच्या घरून आलेली वाटी. घरात आधीच चांगला संगणक किंवा प्लेस्टेशन असेल, तर खेळ तिकडे चालतो आणि वाय-फायवरून त्याचे चित्र तेवढे बैठकीतल्या टीव्हीवर येते. ‘स्टीम लिंक’ किंवा सोनीचे ‘रिमोट प्ले’ ही अॅप हेच काम करतात. ज्यांच्याकडे मूळ यंत्र आहे त्यांना ही सोय जवळजवळ फुकट मिळते. ज्यांच्याकडे नाही, त्यांना तिचा काडीचा उपयोग नाही.

तिसरा प्रकार आहे बाहेरच्या डब्याचा. याला ‘क्लाउड गेमिंग’ म्हणतात. खेळ चालतो दूरवरच्या कुठल्याशा इमारतीतल्या मोठ्या संगणकावर. तुम्ही बटण दाबले की ती खबर तिकडे जाते, तिकडे चित्र तयार होते आणि ते सिनेमासारखे तुमच्या टीव्हीकडे वाहत येते. डबीला कष्ट नाहीत, त्यामुळे स्वस्तातल्या डबीवरही भारीतला खेळ दिसू शकतो. जाहिरातींत सगळ्यात जास्त डंका वाजतो तो याचाच. म्हणून इथे थोडे थांबून बघू.

सिनेमा साठतो, खेळ साठत नाही

आपण सिनेमा पाहत असतो तेव्हा डबी पुढची काही सेकंदे आधीच आणून ठेवत असते. मध्येच इंटरनेटने क्षणभर मान टाकली, तरी साठवणीतले चित्र सुरू राहते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. गच्चीवर टाकी असली की नळाचे पाणी तासभर गेले तरी बिघडत नाही, तसेच हे. खेळाची अशी टाकी भरून ठेवता येत नाही. कारण पुढच्या क्षणी तुम्ही उडी मारणार की खाली वाकणार, हे यंत्राला ठाऊक नसते. बटण दाबल्यावरच पुढचे चित्र जन्माला येते.

चांगल्या खेळात सेकंदाला ६० चित्रे सरकतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. आता समजा, खेळ चालवणारा संगणक सिंगापूरला आहे. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेव्हा नुसत्या जाण्यायेण्यातच ४० मिलिसेकंद सरले. वाटेतली वळणे, चित्र गुंडाळायला आणि उलगडायला लागणारा वेळ, घरचे वाय-फाय आणि टीव्हीची स्वतःची दिरंगाई हे सगळे त्यावर चढत जाते. बुद्धिबळात किंवा शब्दकोड्यात ही दिरंगाई कळतही नाही. गाड्यांच्या शर्यतीत मात्र वळण निघून गेल्यावर गाडी वळते, आणि खेळणारा चडफडतो.

म्हणून क्लाउडवरच्या खेळाचे पैसे भरण्यापूर्वी सेवा आपल्या देशात अधिकृतपणे आहे का आणि तिचे संगणक कोठे आहेत, हे विचारावे. ‘आमच्याकडे शंभर एमबीपीएस आहे’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. एमबीपीएस म्हणजे नळाची रुंदी. पाणी धरणापासून घरापर्यंत यायला किती वेळ लागतो, हा निराळा हिशेब. रुंदीची गरज तशी फार नसते. नेटफ्लिक्स फुल एचडी चित्रासाठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरे मानते. एनव्हिडियाची ‘जीफोर्स नाऊ’ ही क्लाउड सेवा फुल एचडी खेळासाठी २५ मागते. इथे खरे महत्त्व आहे ते एकसारखेपणाला.

घरच्या घरी तीन उपाय करता येतात. डबीला लॅनची खाच असेल तर राउटरपासून वायर टाकावी. नसेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो तो चालू करावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही जो वेळ खातो तो त्याने बराच वाचतो. जाता जाता ब्रॉडबँडच्या ‘अमर्याद’ योजनेखालची बारीक अक्षरेही वाचावीत. ४के सिनेमा तासाला ७ जीबीपर्यंत डेटा गिळतो, हे नेटफ्लिक्सच सांगते.

बंद पडलेली दुकाने

आता मूळ मुद्द्याकडे वळू. खेळ बाहेर राहत असेल, तर तो उद्या तिथे असेल का?

‘ऑनलाइव्ह’ नावाच्या अमेरिकन कंपनीने जून २०१० मध्ये क्लाउडवरून गेम द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षअखेर टीव्हीला जोडायची छोटी डबीही तिने ९९ डॉलरला विकायला काढली. ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा बंद झाली आणि त्या डब्या शोभेपुरत्या उरल्या. ‘ऊया’ ही तर लोकांच्या उत्साहावर उभी राहिलेली डबी. जुलै २०१२ मध्ये ‘किकस्टार्टर’वर लोकांनी वर्गणी काढून तिला सुमारे ८६ लाख डॉलर दिले. २०१३ मध्ये ती बाजारात आली, दोन वर्षांत कंपनीचा धंदा दुसऱ्याने घेतला, आणि २५ जून २०१९ रोजी तिचे ऑनलाइन दुकान कायमचे बंद झाले.

या दोन्ही नव्या कंपन्या होत्या, असे कोणी म्हणेल. मग गूगलचे पाहा. ‘स्टेडिया’ ही तिची क्लाउड सेवा १९ नोव्हेंबर २०१९ रोजी गाजावाजा करून निघाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद पडली. सव्वातीन वर्षांचा संसार. गूगलने आपल्या दुकानातून घेतलेल्या यंत्रांचे आणि खेळांचे पैसे परत केले, हा तिचा मोठेपणा. पण ज्यांनी रात्री जागून खेळाचे टप्पे पार केले होते, त्यांतल्या अनेकांचे ते श्रम सेवेबरोबरच गेले.

उलट उदाहरणही आहे. एनव्हिडियाने मे २०१५ मध्ये ‘शील्ड’ नावाची टीव्ही डबी १९९ डॉलरला काढली. तेव्हा ती महाग वाटली होती. पण त्याच डबीला कंपनी २०२५ पर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षे, नवी सॉफ्टवेअर पुरवत राहिली. दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या स्वस्त डब्यांशी तुलना केली, तर ही महागाई स्वस्तात पडली म्हणायची. अर्थात तिथेही संगणकावरचा खेळ टीव्हीवर आणण्याची कंपनीची स्वतःची एक सोय २०२३ मध्ये काढून घेतली गेलीच. विकत घेतलेल्या वस्तूतले कौशल्य नंतर कमी होऊ शकते, हा अनुभव आपल्या आधीच्या पिढीला नव्हता. मिक्सर घेतल्यावर आठ वर्षांनी कंपनीने घरी येऊन चटणीचे भांडे परत नेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

म्हणून डबी निवडताना तिच्या चकाकीपेक्षा कंपनीचा पूर्वेतिहास पाहावा. तिने मागच्या डब्यांना किती वर्षे सांभाळले, हे विचारावे.

‘सगळे फुकट’चा सापळा

बाजारात आणखी एक माल असतो. नाव-गाव धड नाही, खोक्यावर ‘अँड्रॉइड’ लिहिलेले, हजारो गेम आधीच भरलेले आणि ‘सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट’. यांपासून चार हात दूर राहावे. जानेवारी २०२३ मध्ये ‘टी९५’ नावाने विकल्या जाणाऱ्या अशा एका डबीत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आल्याचे उघडकीस आले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला, की अशी लक्षावधी उपकरणे ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्यात सापडली आहेत आणि गुन्हेगार त्यांच्या मालकांचे घरचे इंटरनेट परस्पर वापरत आहेत. म्हणजे चोर घरात शिरला तो आपणच दिलेल्या दारातून.

शिवाय अशा डब्यांना नेटफ्लिक्ससारख्या सेवांची मान्यता नसते. त्यामुळे सिनेमा दिसला तरी बऱ्याचदा अस्पष्ट दिसतो. ४केचा टीव्ही घेऊनही चित्र जुन्या सीडीसारखे. डबी गूगलकडून प्रमाणित आहे का, हे खोक्यावर आणि सेटिंगमध्ये पाहता येते. विक्रेत्याला ते दाखवता आले नाही, तर दुकानाबाहेर पडावे.

पैशाचा खरा हिशेब

डबीची किंमत एकदाच मोजायची असते, वर्गणी दर महिन्याला. महिना तीनशे रुपयांची एक वर्गणी धरली, तरी तीन वर्षांत १०,८०० रुपये होतात. दुसऱ्या बाजूला खेळाचे खास यंत्र. ‘प्लेस्टेशन ५’ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले ते ४९,९९० रुपयांना. मायक्रोसॉफ्टचे धाकटे ‘एक्सबॉक्स सिरीज एस’ नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना. त्यावर नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. खेळताना प्लेस्टेशन सुमारे २०० वॅट वीज घेते. रोज दोन तास धरले तर महिन्याला १२ युनिट. सिनेमा पाहायलाही तेच यंत्र चालवले, तर चार-पाच वॅटवर भागवणाऱ्या डबीच्या कैकपट वीज जाते. मात्र तबकडीच्या प्लेस्टेशनचा एक गुण जुन्या कॅसेटसारखा आहे: खेळून झालेली तबकडी विकता येते, मित्राला देता येते.

मुलांच्या हातून होणारा खर्च हा याच हिशेबाचा भाग आहे. ‘फुकट’ गेममध्ये हिरे, नाणी, पोशाख विकत घ्यायची बटणे असतात, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती खऱ्या पैशांची वाटत नाहीत. अमेरिकेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांनी केलेल्या अशा खरेदीबद्दल २०१६ मध्ये न्यायालयाने अॅमेझॉनला जबाबदार धरले, आणि पुढच्या वर्षी सात कोटी डॉलरहून अधिक रक्कम परतफेडीसाठी पात्र ठरली. ‘फोर्टनाइट’ काढणाऱ्या एपिक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत करण्याचे कबूल केले, कारण त्या खेळातली बटणे नकळत खरेदी घडवतील अशी मांडली होती. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण गेममधले हिरे विकत घेणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यावर पहारा घरच्यांनीच ठेवायचा. डबी चालू केल्या दिवशीच खरेदीला पिन लावावा आणि तो मुलांच्या वाढदिवसाची तारीख नसावा.

कोणी काय घ्यावे?

घरात मुख्यत्वे सिनेमे-मालिका पाहिल्या जातात आणि खेळ म्हणजे सुटीतली गंमत असेल, तर नावाजलेल्या कंपनीची मध्यम किमतीची प्रमाणित डबी पुरे. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने जोडणीबरोबर डबी दिली असेल, तर आधी तीच वापरून पाहावी. मुले लहान आहेत आणि चौघांनी मिळून खेळायचे आहे, तर साठवणीची जागा जास्त असलेली आणि दोन गेमपॅड ब्लूटूथने जोडता येतील अशी डबी घ्यावी. घरात दमदार संगणक आधीच असेल, तर शेजारच्या वाटीचा मार्ग सर्वांत किफायतशीर. मुलगा किंवा मुलगी खरोखरच मोठ्या खेळांत रमणारी असेल, तर डबीवर पैसे घालवून पुन्हा यंत्र घेण्यापेक्षा थोडे थांबून, पैसे साठवून यंत्रच घ्यावे. आणि क्लाउडची सेवा कितीही मोहक वाटली, तरी वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. एक महिना घरच्या इंटरनेटवर, रात्रीच्या गर्दीच्या वेळी, खेळून बघावे.

एवढे सगळे लक्षात राहणार नाही असे वाटत असेल, तर एकच युक्ती सांगतो. दुकानात डबी चालू करून दाखवली जात असताना विक्रेत्याला म्हणावे, ‘आता इंटरनेट बंद करा.’ मग पडद्यावर जे चालू राहील, तेवढे तुमच्या घरी येणार आहे. बाकीचे भाड्याचे. भाड्याच्या गोष्टी वाईट असतात असे नाही. आपण नाटकाला जातो तेव्हा खुर्ची काही घरी आणत नाही. फक्त तिकिटाचे पैसे देताना आपण नाट्यगृह विकत घेतो आहोत, अशी समजूत कोणी करून घेत नाही. डबी घेतानाही एवढे भान असले, तर पहिल्या पावसात नेट गेल्यावर घरात भांडण होणार नाही. कपाटावरचा कॅरम खाली निघेल, इतकेच.